रिमोट ज्यांच्या हाती नसतो

दिल्लीतील आमच्या वसाहतीत माझ्या शेजारी एक सद्गृहस्थ राहतात. केंद्र सरकारच्या सेवेतून सहसचिव पदावरून ते निवृत्त झाले. वाचन चौफेर, बोलणे मोजके. रविवारी सकाळी बागेत फेरी मारताना त्यांनी मला थांबवले आणि विचारले, ‘‘दूरचित्रवाणीवर जे काही चालले आहे, त्यावर तुम्ही मंडळी कधी लिहिणार? नातवाला शेजारी बसवून एक तास टीव्ही पाहण्याची सोय राहिलेली नाही.’’ त्यांच्या स्वरात राग नव्हता, व्यथा होती. मी लिहीन म्हणालो, आणि घरी येईपर्यंत मनात त्यांच्याच दिवाणखान्यातील एक संध्याकाळ घोळत राहिली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. नऊ-दहा वर्षांचा नातू आजोबांच्या कुशीत बसून एक चित्रपट पाहत होता. नायक-नायिका जवळ येऊ लागताच आजोबांनी ज्या चपळाईने रिमोट शोधला, ती त्यांच्या वयाला अचंबित करणारी होती. वाहिनी बदलली आणि बातम्या लागल्या. उत्तर भारतातील कुठल्याशा गावी एका मुलीचा मृतदेह सापडला होता. मुलीची आई घराच्या उंबऱ्यावर कोसळली होती. तिच्या तोंडासमोर पाच-सहा माइक होते आणि एक वार्ताहर तिला पुन:पुन्हा विचारत होता की, मुलीशी तिचे शेवटचे बोलणे काय झाले. बाईंना बोलता येत नव्हते. कॅमेरा मात्र त्यांच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ गेला. खाली तांबड्या पट्टीवर ‘सर्वप्रथम आमच्याच वाहिनीवर’ असे शब्द सरकत होते. नातू बिस्किट खात ते पाहत होता. आजोबांचा रिमोट टेबलावर पडून होता. मीही काही बोललो नाही, चहा पीत राहिलो. हेही येथे नोंदवले पाहिजे.

दूरचित्रवाणीवरील सभ्यतेचा ऱ्हास झाला आहे, या शेजाऱ्यांच्या निदानाशी मी सहमत आहे. मतभेद आहे तो रोगाच्या जागेविषयी. आपण अश्लीलता शोधतो ती शरीरात, कपड्यांत, चुंबनात, फार तर एखाद्या शिवीत. या गोष्टी क्षुल्लक आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु गेल्या दोन दशकांत भारतीय दूरचित्रवाणीने जे खरोखर असभ्य असे काही केले असेल, तर ते त्या जागी नाही. ते त्या उंबऱ्यावर आहे.

कायद्याला हे दिसत नाही असेही नाही. केबल टेलिव्हिजन जाळ्यांचे नियमन करणारा कायदा १९९५चा, आणि त्याखालील कार्यक्रमसंहिता १९९४च्या नियमांतली. त्या संहितेच्या सहाव्या नियमाचे पहिलेच कलम सांगते की, सुरुची किंवा सभ्यता यांना बाधा आणणारा कार्यक्रम दाखवता कामा नये. पुढे त्याच नियमात अश्लील मजकुराच्या जोडीनेच बदनामीकारक मजकूर, जाणूनबुजून केलेली खोटी सूचक विधाने आणि अर्धसत्ये निषिद्ध ठरवली आहेत. व्यक्तीची निंदानालस्ती करण्यासही मनाई आहे. म्हणजे ज्यांनी हे नियम लिहिले, त्यांच्या दृष्टीने नग्नता आणि अर्धसत्य हे एकाच पंगतीचे अपराधी होते. नियम राबवणाऱ्यांनी मात्र पंगतीतील एकालाच हात धरून उठवले.

२००७ साली माहिती व प्रसारण मंत्रालयाने दोन वाहिन्यांवर दोन-दोन महिन्यांच्या बंदीचे आदेश काढले. जानेवारीत एएक्सएन आणि त्यानंतर एफटीव्ही. दोन्ही ठिकाणी कारण एकच होते: शरीरप्रदर्शन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीतील एका वाहिनीने एका सरकारी शाळेतील शिक्षिकेवर विद्यार्थिनींना देहविक्रयास लावत असल्याचा आरोप करणारी छुप्या कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवली. शाळेबाहेर जमाव जमला, त्या शिक्षिकेला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले, तिला अटक झाली आणि नोकरीही गेली. चित्रफीत बनावट असल्याचे नंतर निष्पन्न झाले. या वाहिनीवर बंदी आली एका महिन्याची. दोन्ही शिक्षा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पडद्यावर कमी कपडे दाखवण्याची किंमत दोन महिने. एका निरपराध स्त्रीचे कपडे रस्त्यावर फाडले जातील अशी परिस्थिती निर्माण करण्याची किंमत एक महिना. हा हिशेब कुणी मुद्दाम बसून केला असेल असे मला वाटत नाही. आपल्या सामूहिक मनाचीच ती मोजपट्टी आहे.

२०१०चे उदाहरण याहून बोलके आहे. ‘राखी का इन्साफ’ नावाच्या कार्यक्रमात सामान्य माणसांची कौटुंबिक भांडणे कॅमेऱ्यासमोर ‘सोडवली’ जात. त्यात सहभागी झालेल्या झाशीकडील एका तरुणाला सर्वांसमक्ष नामर्द म्हणून हिणवण्यात आले. पुढे काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला. त्या अपमानाने खचूनच तो गेला, असा आरोप त्याच्या कुटुंबीयांनी केला. देशभर गदारोळ उठला. नोव्हेंबरात मंत्रालयाने आदेश काढला की हा कार्यक्रम, आणि सोबत ‘बिग बॉस’ही, रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवावा. (‘बिग बॉस’च्या वाहिनीने मुंबई उच्च न्यायालयातून या आदेशाला स्थगिती मिळवली.) नग्नतेवरचा उपाय क्रौर्याला लावण्यात आला. उत्तान दृश्य रात्री उशिरा दाखवले, तर लहान मुले ते पाहणार नाहीत, हा तर्क समजण्यासारखा आहे. पण गरीब घरातील एका माणसाची साऱ्या देशासमोर केलेली मानखंडना रात्री ११नंतर सभ्य कशी होते? तो कार्यक्रम रात्री ११ला लागला असता, तर त्या तरुणाचा अपमान एका मिनिटाने तरी कमी झाला असता काय?

डिसेंबर २०१७मध्ये याच मंत्रालयाने निरोधाच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवाव्यात, असे वाहिन्यांना कळवले. लोकसंख्या आणि गुप्तरोग यांविषयी एवढी चिंता वाहणाऱ्या देशात आरोग्याची गोष्ट रात्रीच्या अंधारात ढकलली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०१८ रोजी, श्रीदेवी यांचा दुबईत मृत्यू झाला. त्या दिवसांत आपल्या वाहिन्यांनी जे केले ते ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. एका स्त्रीचा मृत्यू ज्या न्हाणीटबात झाला तो टब संगणकावर रेखाटून पडद्यावर आणला गेला. एक वार्ताहर तर स्वत: टबात आडवा होऊन मृत्यूचे प्रात्यक्षिक देत होता. हे सारे भर सायंकाळी, मुले गृहपाठ करीत असतात त्या वेळी चालले होते.

या प्रश्नावर उदारमतवादी मंडळींचे एक ठरलेले उत्तर असते, आणि बरीच वर्षे तेच माझेही उत्तर होते: आवडत नसेल तर बंद करा. २००९ साली ‘सच का सामना’ या कार्यक्रमावरून राज्यसभेत संताप व्यक्त झाला, मंत्रालयाने नोटीस बजावली. दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र कार्यक्रम थांबवण्यास नकार दिला. त्याआधी १९८८मध्ये गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’ मालिकेवर बंदी घालावी म्हणून लोक न्यायालयात गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वत: पाहिली आणि ती दाखवण्याचा मार्ग मोकळा केला, सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. त्या निकालात एक जुनी कसोटी पुन्हा सांगितली गेली, जी नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी १९४६मध्ये घालून दिली होती. एखाद्या कृतीचा परिणाम तोलताना प्रमाण मानायचे ते समंजस, खंबीर मनाच्या माणसाला. जागोजागी धोकाच दिसणाऱ्या दुबळ्या मनाला नव्हे. ही कसोटी मला आजही मान्य आहे. प्रौढ प्रेक्षकाला काय झेपेल हे ठरवण्याचा अधिकार मी सरकारला देणार नाही.

पण या साऱ्या विचारात एक त्रुटी होती, आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. आपण नेहमी पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसाचाच विचार करतो. त्याच्या भावना, त्याची मुले, त्याची अभिरुची. त्याच्या हाती रिमोट असतो आणि तो पुरेसा असतो. पडद्याच्या पलीकडे जो दाखवला जात असतो, त्याच्या हाती मात्र काहीच नसते. उंबऱ्यावरील त्या बाईंना वाहिनी बदलता येत नाही. सभ्यतेचा प्रश्न हा पाहणाऱ्याच्या लज्जेचा जितका आहे, त्याहून अधिक दाखवल्या जाणाऱ्याच्या सन्मानाचा आहे.

तसे पाहिले तर आपल्या दूरचित्रवाणीच्या वाटचालीतील खरी वळणे दिसू लागतात. २००६च्या जुलैत कुरुक्षेत्राजवळच्या एका खेड्यात पाच वर्षांचा मुलगा उघड्या कूपनलिकेत पडला. जवळपास ५० तास वाहिन्यांनी ती सुटका थेट दाखवली. मुलगा सुखरूप वर आला. देशाने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि वाहिन्यांना एक शोध लागला: कुणाचे तरी संकट थेट दाखवले की देश जागचा हलत नाही. पुढच्या वर्षांत कूपनलिका बदलत गेल्या.

२०१९च्या जूनमध्ये बिहारमधील मुजफ्फरपूर येथे मेंदुज्वराने शंभराहून अधिक बालके दगावली. श्रीकृष्ण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील अतिदक्षता विभागात देशातील एक नामांकित निवेदिका कॅमेरा घेऊन शिरली आणि रुग्ण तपासत असलेल्या डॉक्टरला जाब विचारू लागली. खाटांची टंचाई, औषधांची वानवा हे प्रश्न खरेच होते. ते पाटण्यात आणि दिल्लीत बसलेल्या मंत्र्यांना विचारायचे होते. ते विचारले गेले हाताशी सापडलेल्या कनिष्ठ माणसाला, तडफडणाऱ्या मुलांच्या खाटांमधून वाट काढत. कुठल्याही अर्ध्या-उघड्या नृत्यापेक्षा ते दृश्य मला अधिक अश्लील वाटले.

त्यानंतर वर्षभराने, १४ जून २०२० रोजी, सुशांतसिंह राजपूत या अभिनेत्याचा मुंबईत मृत्यू झाला. त्यावर मराठी वाचकांना मी वेगळे सांगण्याची गरज नाही. ते त्यांच्याच अंगणात घडले. मृतदेहाची छायाचित्रे, इमारतीच्या दाराशी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या मुलामागे धावणारे वार्ताहर, चौकशीला निघालेल्या रिया चक्रवर्ती यांना महासाथीच्या ऐन काळात चहूबाजूंनी चेपणारी कॅमेऱ्यांची गर्दी. महाराष्ट्रातील काही निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसह अनेकांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १८ जानेवारी २०२१च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्यांवर कठोर भाष्य केले आणि आत्महत्येच्या वार्तांकनासाठी मर्यादा आखून दिल्या. मार्च २०२५मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने, घातपाताचा पुरावा नाही असे सांगत, प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला. रिया चक्रवर्ती यांना खुनी, चेटकीण आणि आणखी काय काय म्हणणाऱ्या निवेदकांनी त्या दिवशी किती मिनिटे दिली? मी मुद्दाम पाहिले होते. माझ्या दिल्लीच्या घरी दिसणाऱ्या वाहिन्यांवर तरी जुन्या आवेशाच्या शंभराव्या हिश्शानेही कुणी बोलले नाही.

आणि ७ मे २०२५. सीमेपलीकडून झालेल्या तोफमाऱ्यात पूंछमध्ये एका मदरशातील शिक्षकाचा बळी गेला. आपल्याच देशाचा नागरिक शत्रूच्या गोळ्याने मारला गेला होता. काही राष्ट्रीय वाहिन्यांनी त्याचे छायाचित्र दाखवून तो दहशतवादी असल्याचे जाहीर केले. घरात प्रेत, बाहेर तोफांचा आवाज आणि टीव्हीवर मृताच्या नावाला हा डाग. पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला की, ते एक आदरणीय धर्मशिक्षक होते आणि दहशतवादाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. काही वाहिन्यांनी दिलगिरी व्यक्त केली. जूनअखेर तेथील न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. या घटनेबद्दल माझ्या वसाहतीत कुणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत एका यूट्युब कार्यक्रमातील आई-वडिलांविषयीच्या गलिच्छ विनोदाने मात्र साऱ्या देशाचे रक्त उसळले होते. मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत गुन्हे दाखल झाले, संसदेत पडसाद उमटले. तो विनोद किळसवाणा होता यात वाद नाही. परंतु दुर्धर आजार असलेल्या बालकाची आणि अपंगांची विनोदवीरांनी केलेली टवाळी चव्हाट्यावर आली ती त्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले म्हणून. ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्या कलाकारांना जाहीर माफी मागायला लावली. तोवर या क्रौर्याने कुणाची संस्कृती बुडाली नव्हती.

येथवर लिहिताना मी न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसलो आहे, हे मला जाणवते. त्या खुर्चीवर माझा अधिकार नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहाला आग लागली आणि ५९ माणसे गुदमरून गेली. मी तेव्हा एका वृत्तपत्राचा वार्ताहर होतो. सफदरजंग रुग्णालयाच्या ओसरीत एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्या हातात लहान मुलाचा एक बूट होता. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि मुलाचे वय, शाळा, तो चित्रपट पाहायचा हट्ट कुणी धरला, असे सारे विचारून घेतले. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. नकार देण्याची शक्ती त्यांच्यात उरली नव्हती, आणि मला ते ठाऊक होते. रात्री बातमी लिहून दिली. मुख्य उपसंपादक मूळचे लखनौचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी तो परिच्छेद निळ्या पेन्सिलीने कापला आणि चश्म्यावरून माझ्याकडे पाहत एवढेच विचारले की, त्या माणसाला उद्या हे वाचायचे आहे, हे तुझ्या ध्यानात होते का. मी तेव्हा मनात चरफडलो होतो. सर्वांत चांगले वाक्य म्हाताऱ्याने मारले, असे मी बाहेर चहाच्या टपरीवर सहकाऱ्यांना सांगितले होते.

वृत्तवाहिन्यांचे वार्ताहर माझ्यापेक्षा वाईट माणसे नाहीत. त्यांच्या आणि प्रेक्षकाच्या मध्ये ती निळी पेन्सिल नाही, एवढाच फरक आहे. थेट प्रक्षेपणात प्रश्न तोंडातून निघतो त्याच क्षणी तो कोट्यवधी घरांत पोहोचलेला असतो. आणि वाहिनीच्या कार्यालयात जो कुणी संपादक म्हणून बसलेला असतो, तो पेन्सिल घेऊन नव्हे, तर प्रतिस्पर्धी वाहिन्यांच्या पडद्यांकडे डोळे लावून बसलेला असतो.

टीआरपीमुळे नाइलाज होतो, असे या मंडळींकडून नेहमी ऐकायला मिळते. देशात वीस कोटींहून अधिक घरांत टीव्ही आहे आणि त्यांची आवडनिवड मोजणारी यंत्रे पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत आहेत. या तराजूविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे. तरीही ही सबब मला अर्धीच पटते. ऑक्टोबर २०२०मध्ये टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे बंद झाले, ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या १७ महिन्यांत मोजदादच नव्हती. त्या काळात कुणाचा सूर खाली आला, कुणी शोकाकुल घराबाहेरून कॅमेरा मागे घेतला, असे मला तरी आठवत नाही. आर्थिक कारणे आहेतच: बातमीदार बाहेरगावी पाठवण्यापेक्षा आठ माणसांना चौकटींत बसवून झुंजवणे कितीतरी स्वस्त पडते. पण काही वर्षांत नाइलाजाची सवय झाली आणि सवयीची चटक लागली.

त्या चौकटींत मीही बसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीवरील चर्चेत, कानातील यंत्रातून निर्मात्याचा आवाज आला: ‘‘सर, तुम्ही फार समजुतीने बोलताय, जरा तुटून पडा.’’ आणि मी तुटून पडलो. समोर विरोधी बाजूला एका लहान संघटनेचा तरुण कार्यकर्ता होता, हिंदी अडखळत बोलणारा. त्याच्या एका चुकीच्या शब्दावर मी टोमणा मारला, निवेदक खो-खो हसला. कार्यक्रम संपल्यावर मला अभिनंदनाचे चार संदेश आले. त्या तरुणाचे नाव आज मला आठवत नाही. त्यानंतर मी स्टुडिओत जाणे बंद केले; पण लगेच नव्हे, आणखी दोन-तीनदा जाऊन आल्यानंतर.

मग सरकारच्या हाती कात्री द्यायची का? मुळीच नाही. कात्री मिळाली की सरकार काय कापते, हे वर दिसलेच आहे, आणि ते फक्त चुंबनेच कापत राहील याची हमी नाही. २०२३च्या नोव्हेंबरात प्रसारण सेवांविषयीच्या नव्या विधेयकाचा मसुदा आला. पुढच्या मसुद्यात यूट्युबवर चालू घडामोडींविषयी बोलणाऱ्या एकट्यादुकट्या माणसांनाही त्यात ओढण्याचा बेत दिसताच ओरड झाली आणि ऑगस्ट २०२४मध्ये तो मागे घेण्यात आला. बरेच झाले. दुसऱ्या बाजूला वाहिन्यांचे स्वनियमन आहे. २००८मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्यासारख्या माणसाच्या अध्यक्षतेखाली त्याची सुरुवात झाली. त्या संस्थेने चांगले निर्णयही दिले. राजपूत प्रकरणात काही बड्या वाहिन्यांना माफी मागायला लावली. पण तिचा कमाल दंड एक लाख रुपये. रात्री नऊच्या एखाद्या जाहिरातीच्या तुलनेत तो किती, याचा विचार वाचकांनीच करावा. ऑगस्ट २०२३मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनीही एवढ्या दंडाने कुणाला जरब बसेल का, असा प्रश्न भर न्यायालयात विचारला होता. शिवाय ज्याला हे नियमन नको, तो सदस्यत्व सोडून मोकळा होऊ शकतो.

तिसरा मार्ग सुचवला गेला होता, आणि तो सुचवून तीस वर्षे उलटली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाबाबतच्या खटल्यात निकाल दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती ना सरकारच्या मालकीची, ना धनिकांच्या. तिचे नियमन करण्यासाठी समाजातील सर्व घटकांचे प्रतिनिधित्व असणारे स्वायत्त प्राधिकरण केंद्राने स्थापावे. मुख्य निकालपत्र होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. ते प्राधिकरण आजतागायत झालेले नाही. सत्तेवर आलेल्या एकाही पक्षाला ते हवेसे वाटले नाही, कारण स्वायत्त संस्थेला फोन करता येत नाही.

याच न्यायमूर्ती सावंतांवर पुढे काय वेळ आली, ते पुणेकरांना आठवत असेल. सप्टेंबर २००८मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीने भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत, नावातील साधर्म्यामुळे, भलत्याच न्यायाधीशाऐवजी त्यांचे छायाचित्र दाखवले. अवघे काही सेकंद. त्यांनी दावा लावला आणि २०११मध्ये पुण्याच्या न्यायालयाने वाहिनीला १०० कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रक्कम अवाजवी होती, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. अशा आकड्यांनी लहान वृत्तसंस्था कायमच्या गप्प होऊ शकतात. पण चूक दुरुस्त करून घेण्यासाठी न्यायालयात जायला ते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असावे लागले. पूंछच्या शिक्षकाच्या किंवा झाशीच्या तरुणाच्या घरच्यांनी कोणत्या वकिलाकडे जायचे?

माझी मागणी म्हणूनच मोठी नाही. ते प्राधिकरण स्थापन व्हावे, आणि त्याने कपड्यांची लांबी मोजण्याआधी दोन गोष्टी बंधनकारक कराव्यात. शोकात असलेल्या किंवा उपचार घेत असलेल्या माणसाचे चित्रण त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या स्पष्ट संमतीवाचून दाखवू नये. आणि ज्याच्यावर खोटा आरोप केला, त्याच्याविषयीची दुरुस्ती त्याच वेळी, त्याच निवेदकाच्या तोंडून, तितकीच मिनिटे दाखवावी. जानेवारी २०२३मध्ये, क्रिकेटपटू ऋषभ पंत यांच्या अपघाताची दृश्ये वाहिन्यांनी निर्लज्जपणे दाखवल्यानंतर, मंत्रालयाने मृतदेह आणि रक्तबंबाळ माणसे दाखवू नका, असे पत्रक काढले होते. सरकारने एकदाचे योग्य जागी बोट ठेवले होते. पण ते पत्रकच राहिले.

उंबऱ्यावरील त्या बाईंच्या बातमीबद्दल मी त्या वाहिनीकडे रीतसर तक्रार केली. अशी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते, हे मला तोवर ठाऊक नव्हते आणि माझ्या निवृत्त सहसचिव शेजाऱ्यांनाही नव्हते. आम्ही दोघांनी मिळून मसुदा केला. त्यांची सरकारी भाषा माझ्यापेक्षा काटेकोर आहे. सही करताना ते थबकले आणि म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी वाहिनी बदलायला हवी होती.’’ नातू तेथेच होता. ‘‘त्या काकू सारख्या का रडत होत्या?’’ असे त्याने विचारले, आणि आम्हा दोघांनाही पटकन उत्तर देता आले नाही.

बाराव्या दिवशी वाहिनीचे उत्तर आले. मृत मुलीचा चेहरा धूसर केला होता, तिचे नाव कुठेही घेतलेले नाही, सबब नियमभंग झालेला नाही, असे त्यात लिहिले आहे. मुलीच्या आईचा त्यात उल्लेख नाही. वरच्या समितीकडे आता १४ दिवसांत दाद मागायची आहे. मसुदा शेजाऱ्यांकडे आहे.